निळ्या बाळांसाठी राबलेले हात : व्हिव्हियन थॉमस

26 नोव्हेंबर हा आपला संविधान दिन. दोनच दिवसांनी, 28 नोव्हेंबरला, महात्मा जोतीराव फुले यांचा स्मृतिदिन येतो. याच आठवड्यात आणखी एका माणसाची आठवण व्हावी असे आम्हाला वाटते. त्यांचे नाव व्हिव्हियन थॉमस. 26 नोव्हेंबर 1985 रोजी अमेरिकेत त्यांचे निधन झाले. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ ज्यांना अर्पण केला, ते अमेरिकेतील निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणारे लोक होते. थॉमस हे अशाच एका गुलामाचे नातू. कायद्याने गुलामगिरी संपली, पण नातवाच्या वाट्याला काय आले, हे त्यांच्या आयुष्यात दिसते.

आम्हाला हे नाव भेटले ते रुग्णालयात. वस्त्यांमध्ये काम करताना जन्मजात हृदयदोष असलेल्या लहान मुलांच्या आईवडिलांना सोबत करण्याची वेळ आमच्यावर अनेकदा येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून मूल सापडते, कागदपत्रे गोळा होतात, शस्त्रक्रियेची तारीख मिळते आणि आम्ही आईवडिलांबरोबर दाराबाहेर बसतो. अशाच एका आईने आम्हाला विचारले होते की, एवढ्याशा जिवाचे रक्त हे लोक परत परत का काढतात? आधीच अशक्त लेकरू, वर हे रक्त कमी करणे कशाला? तेव्हा आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. डॉक्टर करतात ते बरोबरच असेल, एवढेच आम्ही म्हणालो. नंतर स्वतःला लाज वाटली आणि आम्ही वाचायला बसलो. वाचता वाचता थॉमस यांच्यापर्यंत पोहोचलो.

सुताराचा मुलगा

व्हिव्हियन थॉमस यांचा जन्म 29 ऑगस्ट 1910 रोजी लुइझियाना राज्यात झाला. बालपण टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरात गेले. वडील सुतार होते. मुलाने लहानपणीच रंधा, करवत, पटाशी हातात घेतली. लाकूड मोजून कापायचे, सांधा असा बसवायचा की फट राहता कामा नये, हे त्यांच्या हाताला तेव्हापासून ठाऊक झाले. काळ्या मुलांसाठीच्या वेगळ्या शाळेतून ते 1929 साली उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले. डॉक्टर व्हायचे हे ठरलेले होते आणि त्यासाठी सुतारकामातून पैसे साठवणे चालू होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. कामे बंद पडली. कॉलेज पुढे ढकलावे लागले. फेब्रुवारी 1930 मध्ये एका मित्राच्या ओळखीने थॉमस यांना व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेत मदतनिसाचे काम मिळाले. काही महिने काढू, मग कॉलेजला जाऊ, असा विचार होता. पण वर्षाच्या आत नॅशव्हिलमधल्या बँका बुडाल्या आणि साठवलेला पैसाही गेला. तात्पुरते म्हणून धरलेले काम आयुष्यभराचे झाले.

ब्लेलॉक गोरे, जॉर्जिया राज्यातील सुखवस्तू घरातले, वयाने अकरा वर्षांनी मोठे. या एकोणीस वर्षांच्या तरुणाचे हात आणि डोके वेगळे आहे हे त्यांनी लवकर ओळखले. थोड्याच काळात थॉमस प्राण्यांवरच्या शस्त्रक्रिया स्वतः करू लागले. रसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, मोजमापे, नोंदी सगळे शिकले. एकदा चूक झाली म्हणून ब्लेलॉक त्यांच्यावर शिव्या देत ओरडले. थॉमस यांनी शांतपणे सांगितले की असे बोलणे आपण ऐकून घेणार नाही, आपल्याला अशा वागणुकीची सवय नाही. 1930 सालच्या दक्षिण अमेरिकी राज्यांत काळ्या तरुणाने गोऱ्या वरिष्ठाला हे सांगणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडायची तयारी होती. ब्लेलॉक यांनी माफी मागितली. पुढची चौतीस वर्षे दोघांचे काम चालू राहिले.

त्या काळातले त्यांचे मोठे संशोधन ‘शॉक’वरचे. गंभीर जखम झालेला माणूस अचानक का ढासळतो? शरीरात काही विष तयार होते असा तेव्हा समज होता. रक्त आणि त्यातला द्रव कमी झाल्याने हे घडते, असे या प्रयोगशाळेने दाखवले. जखमींना रक्त व प्लाझ्मा देण्याच्या उपचाराला त्यातून बळ मिळाले आणि दुसऱ्या महायुद्धात कितीतरी सैनिकांचे प्राण वाचले.

हे सगळे करणाऱ्या थॉमस यांची नोंद विद्यापीठाच्या दप्तरात मात्र सफाई कामगाराच्या श्रेणीत होती. पगारही त्याच श्रेणीचा. काळ्या माणसासाठी दुसरा रकानाच नव्हता. हे लक्षात आल्यावर त्यांनी ब्लेलॉक यांच्याकडे विषय काढला आणि पगार थोडा वाढला. त्यांचे थोरले भाऊ हॅरल्ड नॅशव्हिलमध्ये शिक्षक होते. गोऱ्या शिक्षकांइतका पगार मिळावा म्हणून त्यांनी शिक्षण मंडळावर खटला भरला. थरगुड मार्शल यांच्यासारखे वकील पाठीशी होते. खटला जिंकला, पण नोकरी गेली. व्हिव्हियन यांनी हे जवळून पाहिले. ते फार बोलत नसत, त्यामागे हा अनुभवही असावा असे आम्हाला वाटते.

बाल्टिमोर आणि निळी बाळे

1941 साली ब्लेलॉक यांना बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुखपद मिळाले. थॉमस सोबत असतील तरच जाऊ, अशी त्यांची भूमिका होती. थॉमस पत्नी क्लारा आणि मुलींसह तिथे गेले. हॉपकिन्समध्ये तेव्हा काळी माणसे होती ती झाडूपोछा करणारी. प्रसाधनगृहे वेगळी होती. थॉमस पांढरा कोट घालून व्हरांड्यातून चालले की लोक थबकून पाहत.

1943 साली बालहृदयरोगतज्ज्ञ डॉ. हेलन टॉसिग यांनी ब्लेलॉक आणि थॉमस यांच्यापुढे एक प्रश्न ठेवला. टॉसिग यांना ऐकू कमी येत असे. मुलांच्या छातीवर बोटे ठेवून त्या हृदयाची धडधड ओळखत. त्यांच्या दवाखान्यात ओठ, नखे, जीभ निळी पडलेली मुले येत आणि त्यातली बरीच त्यांच्या डोळ्यांदेखत मरत. या आजारात हृदयात चार दोष एकत्र असतात. फुप्फुसाकडे जाणारा रस्ता अरुंद असतो. हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असते. महाधमनी त्या भोकावर सरकलेली असते. उजवा कप्पा जोर लावून लावून जाड झालेला असतो. त्यामुळे पुरेसे रक्त फुप्फुसात पोहोचत नाही आणि ऑक्सिजन न घेतलेलेच रक्त शरीरभर फिरते. फुप्फुसाकडे जास्त रक्त नेणारी नवी वाट काढता येईल का, असा टॉसिग यांचा प्रश्न होता.

थॉमस यांना व्हँडरबिल्टमधला एक जुना प्रयोग आठवत होता. हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडण्याचा तो प्रयोग वेगळ्या कारणासाठी केला होता आणि त्या कारणासाठी तो फसला होता. तीच जोडणी इथे उपयोगी पडणार होती. पण आधी प्रयोगशाळेत निळेपणा तयार करणे भाग होते, म्हणजे ज्या कुत्र्याच्या रक्तात ऑक्सिजन खरोखर कमी आहे असा कुत्रा. तो जिवंत राहिला पाहिजे आणि जोडणीनंतर त्याच्या रक्तातला ऑक्सिजन वाढला पाहिजे. यातच एक वर्षाहून जास्त काळ गेला. सुमारे 200 कुत्र्यांवर हे प्रयोग झाले. करुणेची शिकवण मानणाऱ्या आपल्या वाचकांना हे टोचेल, आम्हालाही टोचले. त्यातून वाचलेल्या ॲना नावाच्या कुत्रीचे चित्र हॉपकिन्सने आपल्या भिंतीवर लावले आहे.

29 नोव्हेंबर 1944. आयलीन सॅक्सन ही पंधरा महिन्यांची मुलगी टेबलावर होती. वजन साडेचार किलोच्याही आत. एवढ्या बारीक धमन्यांना टाके घालायला सुया बाजारात मिळत नव्हत्या, त्या थॉमस यांनी प्रयोगशाळेत कापून, घासून तयार केल्या होत्या. ही जोडणी प्रयोगशाळेत त्यांनी पुष्कळदा केली होती, ब्लेलॉक यांनी फारच थोड्या वेळा. म्हणून ब्लेलॉक यांनी त्यांना बोलावून घेतले. थॉमस एका पायरीवजा स्टुलावर, ब्लेलॉक यांच्या उजव्या खांद्यामागे उभे राहिले. टाका कुठे घालायचा, किती अंतरावर, कोणत्या दिशेने, हे ते हळू आवाजात सांगत राहिले. मुलीला हात लावण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

आयलीन शस्त्रक्रियेतून वाचली, मात्र काही महिन्यांनी तिचा मृत्यू झाला. फेब्रुवारी 1945 मध्ये आणखी दोन मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यातल्या सहा वर्षांच्या मुलाचे निळे ओठ टेबलावरच गुलाबी झाले. मे 1945 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात ब्लेलॉक आणि टॉसिग यांच्या नावाने लेख आला. थॉमस यांचे नाव त्यात कुठेच नव्हते. देशोदेशींहून आईबाप मुलांना घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले. शस्त्रक्रियेला ब्लेलॉक–टॉसिग शंट असे नाव पडले.

रक्त का काढतात?

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ.

1944 साली भूल देणाऱ्या डॉक्टरांजवळ आजची यंत्रे नव्हती. ओठांचा रंग, नाडी, श्वास, रक्तदाब यांवरच भिस्त. रक्तातला ऑक्सिजन मोजता येत होता, पण त्या काळच्या काचेच्या उपकरणाने एक नमुना तपासायला बराच वेळ जाई. टेबलावरच्या बाळाला तेवढा वेळ नसे. हॉपकिन्समधले भूलतज्ज्ञ मेरेल हार्मेल आणि ऑस्टिन लॅमॉन्ट यांनी पहिल्या शंभर मुलांच्या भुलेचा अनुभव 1946 साली लिहून प्रसिद्ध केला. हृदयदोष असलेल्या मुलांच्या भूलशास्त्राची सुरुवात तिथून मानतात. पुढे 1950 च्या दशकात लेलँड क्लार्क यांनी रक्तातला ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड तयार केला आणि जॉन सेव्हरिंगहाउस यांनी ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड व आम्लता एकाच यंत्रात मोजण्याची सोय केली. रुग्णालयात ज्याला ‘एबीजी’ म्हणतात ती तपासणी हीच.

निळ्या बाळाला भूल देणे अवघड का? भुलेच्या औषधाने शरीरातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात. मग हृदयातले रक्त फुप्फुसाची अरुंद वाट सोडून भोकातून थेट शरीराकडे वळते आणि ऑक्सिजन आणखी घसरतो. कार्बन डायऑक्साइड साचला, रक्त आम्ल झाले, तर फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि उरलेली वाटही अरुंद होते. शंट जोडल्यानंतर उलटा धोका असतो. ऑक्सिजन फार दिला आणि कार्बन डायऑक्साइड फार उतरला, तर रक्ताचा लोंढा फुप्फुसाकडे जातो आणि बाकी शरीर उपाशी राहते. म्हणून अशा बाळात ऑक्सिजनचे प्रमाण शंभराच्या जवळ न ठेवता बहुधा 75 ते 85 टक्क्यांच्या आसपास राखतात. नेहमीच्या माणसात जो आकडा पाहून घाबरायचे, तोच इथे समतोल दाखवतो.

हा समतोल बाहेरून दिसत नाही. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर 80 टक्क्यांच्या खाली भरवशाचे राहत नाही, बऱ्याचदा खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते. श्वासातून बाहेर पडणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात, पण निळ्या बाळात पुष्कळ रक्त फुप्फुसात जातच नाही, त्यामुळे तो आकडा रक्तातल्यापेक्षा कमी येतो. खरे काय ते धमनीतले रक्तच सांगते. त्यासाठी धमनीत एक बारीक नळी ठेवतात, म्हणजे दर वेळी सुई टोचावी लागत नाही. हाताची धमनी शंटसाठी घेतली असेल तर त्या हातात नळी ठेवत नाहीत, कारण तिथला दाब खरा नसतो.

आणि रक्त कमी होण्याची त्या आईची भीती चुकीची नव्हती. बाळाच्या शरीरात किलोमागे साधारण 80 मिलिलिटर रक्त असते. चार किलोच्या बाळात सव्वातीनशे मिलिलिटरच्या आत, म्हणजे दीड पेलाभर. म्हणून प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवावा लागतो. आजच्या यंत्रांना एका तपासणीला एक मिलिलिटरपेक्षाही खूप कमी, काही थेंबच रक्त पुरते. तिला आम्ही आज हे सगळे सांगू शकतो. तेव्हा सांगायला हवे होते.

उशिरा आलेले नाव

थॉमस यांची पुढची वर्षे शिकवण्यात गेली. 1946 साली त्यांनी हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात वाट करण्याची पद्धत बसवली. मोठ्या धमन्यांची जागाच उलटी असलेल्या बाळांसाठी ती होती. तिलाही नावे लागली ती ब्लेलॉक आणि हॅनलन या डॉक्टरांची. डेंटन कूली यांच्यासारखे पुढे जगभर गाजलेले शल्यविशारद थॉमस यांच्या हाताखाली हात चालवायला शिकले. ते डॉक्टर होऊन बाहेर पडत आणि थॉमस तिथेच राहत. पगार पुरत नसे म्हणून कधी कधी ते ब्लेलॉक यांच्या घरच्या मेजवानीत पाहुण्यांना पेये देण्याचे काम करत. दिवसा ज्यांना टाके शिकवले त्यांनाच संध्याकाळी पेला भरून द्यायचा. आम्ही हे वाचून बराच वेळ पुढे सरकलो नाही.

डॉक्टर होण्याचे स्वप्न त्यांनी सोडले नव्हते. 1947 साली बाल्टिमोरच्या मॉर्गन स्टेट कॉलेजात त्यांनी चौकशी केली. आजवरच्या कामाची कोणतीही सूट मिळणार नव्हती. पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची, म्हणजे डॉक्टर होईपर्यंत पन्नाशी आली असती. त्यांनी तो विचार सोडून दिला.

1964 साली ब्लेलॉक गेले. त्यानंतर थॉमस यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून त्यांचे तैलचित्र करून घेतले आणि 1971 साली ते हॉपकिन्सला दिले. ते ब्लेलॉक यांच्या चित्राशेजारी लागले. 1976 साली विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. काही नियम आडवे आल्याने ती वैद्यकाची नव्हती, कायद्याची होती. तरी हॉपकिन्समध्ये सगळे त्यांना अखेर डॉक्टर म्हणू लागले. शस्त्रक्रिया विभागात अध्यापक म्हणूनही नेमणूक झाली. लेव्ही वॉटकिन्स हे काळे शल्यविशारद तिथे आले तेव्हा थॉमस त्यांच्या पाठीशी उभे राहिले. याच वॉटकिन्स यांनी 1980 साली माणसाच्या शरीरात पहिले स्वयंचलित डिफिब्रिलेटर बसवले. थॉमस 1979 साली निवृत्त झाले आणि आत्मचरित्र लिहायला बसले. पुस्तक छापून आले तेव्हा त्यांच्या मृत्यूला काही दिवस झाले होते.

आता अनेक वैद्यकीय लेखांत त्या शस्त्रक्रियेला ब्लेलॉक–थॉमस–टॉसिग शंट म्हणतात. थॉमस यांचे नाव मध्ये आले आहे.

समाजशास्त्र शिकताना आम्ही श्रमविभागणीवर पाने भरून लिहिली. आपल्याकडे श्रमांबरोबर श्रमिकांचीही उतरंड लावली गेली, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच दाखवून दिले होते. वंश आणि जात एक नव्हेत, दोन्हींचा इतिहास वेगळा आहे. पण हाताने काम करणाऱ्याकडे ज्ञान असू शकते हे मान्य न करण्याची सवय दोन्हीकडे सारखी आहे. थॉमस यांच्यावर कुणी दया करायला हवी होती असे नाही. त्यांनी केलेल्या कामाची नोंद त्यांच्या नावावर व्हायला हवी होती, इतकेच.

ही सवय यंत्रातही उतरते. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवले की ऑक्सिमीटरने ठीक दाखवलेला, पण धमनीतल्या रक्तात प्रत्यक्षात कमी असलेला ऑक्सिजन गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत जवळपास तिपटीने आढळला. त्वचेचा रंग गडद असला की यंत्र फसते. ज्यांच्या त्वचेवर ते नीट बसते आहे की नाही हे पाहायचे, ती माणसे बनवणाऱ्यांच्या डोळ्यासमोर पुरेशी नव्हती. सावळ्या त्वचेच्या आपल्या मुलांबाबत हे ध्यानात ठेवायला हवे. डॉक्टर धमनीतले रक्त तपासू म्हणाले तर नाही म्हणू नका, कशासाठी ते मात्र जरूर विचारा. आणि बाळाचे ओठ, जीभ, नखे निळी दिसत असतील, दूध पिताना त्याला घाम येत असेल, ते दमत असेल, तर नजर लागली म्हणून अंगारा लावत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि एक विनंती. मूल बरे होऊन घरी निघाले की आपण शल्यविशारदांना हात जोडतो, ते योग्यच आहे. पण रात्रभर दर तासाला ते थेंबभर रक्त यंत्राकडे नेणाऱ्या तंत्रज्ञाचे, परिचारिकेचे, फरशी पुसून ती खोली निर्जंतुक ठेवणाऱ्या मावशींचे नावही एकदा विचारून घ्या. आम्ही त्या दिवशी विचारले नव्हते. आता विचारतो.

व्हिव्हियन थॉमस यांना स्मृतिदिनी विनम्र अभिवादन!